सहा-दोन-एक

२००५ च्या गणपतीत आम्ही सगळे वाईला आत्याकडे जमलो होतो. दुपारी घरातल्या सात वर्षांच्या पोराने आत्याचा फोन खेळायला घेतला आणि बटणं दाबता दाबता त्याची भाषाच बदलून टाकली. पडद्यावरची अक्षरं इंग्रजी, पण शब्द कुणाच्याच ओळखीचे नाहीत. फोन हातोहात फिरला. एक इंजिनियर होता, एक बँकेतला होता, मीही होतो. प्रत्येकाने अंदाजाने काहीतरी दाबून पाहिलं आणि प्रत्येक जण आणखी खोल कुठेतरी जाऊन अडकला. कुठला शब्द म्हणजे 'सेटिंग्ज' हेच कळत नव्हतं.

आत्या उकडीचे हात धुऊन बाहेर आली. पदराला हात पुसत तिने फोन घेतला, पडद्याखालचं मोठं बटण एकदा दाबलं, मग ६, मग २, मग १. भाषांची यादी समोर आली. "यातलं तुमचं इंग्रजी कुठलं ते दाबा आता," म्हणाली आणि आत गेली.

आत्या चौथी शिकलेली. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण नोटांवरचे, घड्याळातले आणि घरच्या फोनवरचे इंग्रजी आकडे पक्के ठाऊक होते. तिच्या मुलाने पुण्याला परत जाताना जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: आलेला पण न उचललेला फोन ४-१, गजर ११-१, आवाज बंद १२, भाषा बिघडली तर ६-२-१. तो पुठ्ठा फ्रिजशेजारच्या खिळ्याला टांगलेला असे. आम्ही शब्द वाचायला गेलो म्हणून अडकलो. आत्या आकड्यांवरून गेली आणि आकड्यांना भाषा नव्हती. कुठल्याही भाषेत ६-२-१ म्हणजे तीच जागा.

फोन होता नोकिया ३३१०. नोकियाने तो १ सप्टेंबर २००० ला जाहीर केला आणि जगभरात त्याचे सुमारे १२ कोटी ६० लाख नग विकले गेले. वजन १३३ ग्रॅम. पडदा एका रंगाचा, आडवे ८४ आणि उभे ४८ ठिपके, म्हणजे सगळे मिळून ४,०३२. आजच्या फोनवरच्या एखाद्या लहानशा चित्रातही याहून जास्त ठिपके असतात. एवढ्याशा जागेत सबंध यंत्राचं कामकाज दाखवायचं, तेही ज्यांनी आयुष्यात कधी संगणक पाहिला नाही अशा माणसांना, हा प्रश्न तो मेनू बनवणाऱ्यांसमोर होता. त्यांनी तो कसा सोडवला हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण इतकं विचारपूर्वक केलेलं काम रोजच्या वापरातल्या वस्तूत फार थोड्या वेळा दिसतं.

सगळ्यात आधी ते मोठं बटण. ३३१० वर फोन लावायला वेगळं हिरवं बटण नव्हतं आणि ठेवायला लालही नव्हतं. पडद्याखाली मधोमध एक लांबट बटण, डावीकडे 'सी' लिहिलेलं एक, उजवीकडे वर-खाली जाण्याचं एक, आणि खाली आकड्यांची बारा. मधल्या बटणावर एकही अक्षर नव्हतं. त्याचं नाव पडद्यावर, त्याच्या बरोबर वर उमटायचं. रिकाम्या पडद्यावर ते 'मेनू' असे. मेनूत शिरलं की 'सिलेक्ट' होई. नंबर टाइप केला की 'कॉल', बोलणं सुरू झालं की 'एंड', फोन वाजू लागला की 'आन्सर'. म्हणजे त्या क्षणी माणसाला बहुधा जे करायचं असेल तेच काम ते बटण स्वतःकडे घेत असे.

या बटणाला नोकिया 'नॅव्ही-की' म्हणे. १९९७ च्या नोकिया ३११० या फोनवर ते पहिल्यांदा आलं आणि त्याच्या कल्पनेचं श्रेय क्रिस्टियन लिंडहोल्म या फिनलंडच्या आरेखकाला दिलं जातं. त्या काळी फोनमध्ये सोयी वाढत होत्या आणि प्रत्येक सोयीबरोबर बटणं वाढण्याचा धोका होता. लिंडहोल्म आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उलट वाट धरली: बटण एकच ठेवायचं आणि प्रसंगाप्रमाणे त्याचा अर्थ बदलायचा. नवख्या माणसाला 'कुठलं दाबू?' असा प्रश्नच पडत नसे. चुकलं तर शेजारचं 'सी' एक पाऊल मागे आणत होतं आणि तेच जरा दाबून धरलं की थेट घरी, म्हणजे रिकाम्या पडद्यावर. आत्याला तिच्या मुलाने पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच: मोठ्या बटणाने आत, 'सी'ने बाहेर. भीती गेली ती तिथे. कितीही आत गेलो तरी बाहेर पडण्याचं दार एकच आहे आणि ते कायम त्याच जागी आहे, एवढं कळल्यावर ती बिनघोर आत जाऊ लागली.

आता ते आकडे. ३३१० चा मेनू उघडला की एका वेळी एकच विषय दिसे: त्याचं नाव, त्याचं छोटं चित्र आणि कोपऱ्यात त्याचा क्रमांक. १ फोनबुक, २ मेसेजेस, ३ चॅट, ४ कॉल रजिस्टर, ५ टोन्स, ६ सेटिंग्ज, ७ कॉल डायव्हर्ट, ८ गेम्स, ९ कॅल्क्युलेटर, १० रिमाइंडर्स, ११ क्लॉक, १२ प्रोफाइल्स आणि शेवटी १३, सिम कार्ड देणाऱ्या कंपनीच्या सेवा. चार नंबरात शिरलं की आत पुन्हा क्रमांक: ४-१ मिस्ड कॉल, ४-२ आलेले, ४-३ लावलेले. खालच्या बटणाने एकेक पायरी उतरत जाता येई, किंवा 'मेनू' दाबून लगेच ते आकडे दाबले की थेट त्या खोलीत. 'मेनू', २, १ दाबलं की कोरा मेसेज समोर.

यात एक बारीक अडचण होती आणि तिचं उत्तर मला फार आवडतं. १ दाबल्यावर फोनला कसं कळणार की माणसाला १ हवाय, की तो १० किंवा १२ च्या वाटेवर आहे? म्हणून पहिल्या विषयापुरता नियम असा होता की आधी शून्य दाबायचं: 'मेनू', ०, १. एसटीच्या वेळापत्रकात पहाटेची वेळ ०५.३० अशी छापतात, तसंच. फोनबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असे. ती पुस्तिका वाचणारे लोक असत. आत्याचा मुलगा त्यातला.

हे क्रमांक त्या फोनपुरते कायमचे होते. आज वापरतो त्या फोनवर महिन्यातून एकदा कुठलं तरी ॲप स्वतःचं रूप बदलतं, काल डावीकडे असलेलं चिन्ह आज तीन ठिपक्यांच्या आड जातं आणि म्हातारं माणूस पुन्हा पहिलीत येऊन बसतं. ३३१० मध्ये गजर विकत घेतला त्या दिवशी ११-१ वर होता आणि फोन बंद पडेपर्यंत ११-१ वरच राहिला. पाढा एकदाच पाठ करावा लागे. बोटांना वाट सापडली की डोळ्यांचं कामच उरत नसे. बहुतेक फोनांत ५ च्या बटणावर बारीक उंचवटा असायचा. त्याच्यावरून अंगठा फिरवला की बाकीचे आकडे अंधारातही सापडत. न दिसणाऱ्या कितीतरी लोकांनी हे फोन असेच, बटणांच्या स्पर्शावर आणि मोजलेल्या पायऱ्यांवर वापरले. पडदा बोलून दाखवण्याची सोय त्यांच्या हातात पुष्कळ नंतर आली.

मेनूतला सगळ्यात जास्त राबलेला विषय दुसरा, मेसेजचा. एका बटणावर तीन-चार अक्षरं. 'कसा' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचा तर 'के'साठी ५ दोनदा, 'ए'साठी २ एकदा, 'एस'साठी ७ चारदा, पुन्हा 'ए'साठी २ एकदा. दोन अक्षरांच्या शब्दाला आठ दाब. 'आई' लिहिणं तर आणखी नाजूक. पहिली दोन्ही अक्षरं 'ए', दोन्ही एकाच बटणावर. २ भराभर दोनदा दाबलं तर 'बी' होणार. म्हणून एकदा दाबायचं, थांबायचं, पुढची रेघ लुकलुकली की दुसऱ्यांदा दाबायचं, मग 'आय'साठी ४ तीनदा. कॉलेजातली मुलं हे सगळं वर्गात, फोन बाकाखाली धरून, फळ्यावरची नजर न काढता करत. त्यांच्या अंगठ्यांना जे येत होतं ते टायपिस्टच्या दहा बोटांना येतं त्याच जातीचं कसब होतं.

दाब कमी करण्यासाठी शब्दकोशाची सोय आली, 'टी-नाइन'. अमेरिकेत सिॲटलच्या टेजिक कम्युनिकेशन्स या कंपनीने ती बनवली. कल्पना सोपी: प्रत्येक अक्षरासाठी बटण एकदाच दाबा, त्या आकड्यांच्या ओळीतून कुठला शब्द बनतो ते फोन शोधेल. ४-६-६-३ दाबलं की 'गुड' बनतो, 'होम' बनतो, 'गॉन'ही बनतो. हवा तो येईपर्यंत स्टारचं बटण दाबायचं. इंग्रजीला हे छान चाले. मराठी माणसाने मात्र 'आई' म्हणून २-२-४ दाबलं की पडद्यावर 'बॅग' यायचं, कारण बी, ए, जी ही अक्षरंही त्याच बटणांवर बसतात आणि फोनच्या शब्दकोशात बॅग होती, आई नव्हती. मग 'स्पेल' निवडायचं, आई एकदा अक्षर अक्षर लिहून कोशात घालायची. त्यानंतर २-२-४ आणि स्टार दाबला की ती मिळे. अशा तऱ्हेने लाखो लोकांनी आपापल्या फोनात आपला खासगी मराठी शब्दकोश भरला: आई, नाही, कुठे, येतो, जेवलास. फोन बदलला की तो कोश गेला.

देवनागरीत का लिहीत नसत, असं आजची मुलं विचारतात. एक कारण पडद्यावरच दिसतं. ४८ ठिपक्यांच्या उंचीत वेलांटी वर, उकार खाली आणि मध्ये जोडाक्षर, अशा चार ओळी बसवायला गेलं तर अक्षर वाचता येईना. दुसरं कारण मेसेजच्या पोटात आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. एका एसएमएसची जागा ठरलेली असते: १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट. इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं मावतात. देवनागरीला जी युनिकोडची पद्धत वापरतात तीत प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून मावतात फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणारा हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात. 'ज्ञानेश्वरी' आपण चार अक्षरांत उच्चारतो. मोजून पाहा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी. अकरा चिन्हं, १७६ बिट. तोच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला तर बारा अक्षरं होतात, पण बिट लागतात ८४. निम्म्याहून कमी. मेसेजला पैसे पडत होते तेव्हा हा फरक खिशाला कळत होता. मराठी माणसाने मराठी रोमन अक्षरांत लिहायला सुरुवात केली ती भाषेचं प्रेम आटलं म्हणून, असं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावं.

१६० हा आकडा आला तो जर्मनीचे फ्रिडहेल्म हिलेब्रांड आणि त्यांचे सहकारी जीएसएम या मोबाइल पद्धतीची मानकं ठरवत होते तेव्हा. फोन आणि टॉवर यांच्यात निरोपानिरोपी करण्यासाठी एक अरुंद वाट आधीच होती. बोलणं चालू नसताना ती बरीचशी रिकामी असे. तिच्यातून मजकूर पाठवायचा तर तो लहानच हवा. पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ ला, ब्रिटनमध्ये. नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने व्होडाफोनच्या रिचर्ड जार्व्हिस यांना नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या, त्याही संगणकावरून, कारण तेव्हाच्या फोनवर अक्षरं टाइप करून पाठवण्याची सोय नव्हती.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. मुंबईत त्याच वर्षी मॅक्सटच आणि बीपीएल मोबाइल सुरू झाल्या. दर गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपयांच्या पुढे, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे. ही दुसरी गोष्ट ध्यानात घेतली नाही तर त्या काळचा चौथ्या क्रमांकाचा मेनू, कॉल रजिस्टर, समजणार नाही. त्यात मिस्ड कॉलची यादी होती, शेवटचा कॉल किती मिनिटं-सेकंद चालला ते होतं आणि सिम व नेटवर्कने साथ दिली तर खर्चही दिसे. लोक नंबर बघून फोन कापत आणि शेजारच्या एसटीडी बूथवरून उलट लावत. आलेले फोन सर्रास फुकट झाले ते १ मे २००३ पासून, लावणाऱ्यानेच पैसे भरण्याची पद्धत लागू झाली तेव्हा. त्यानंतर मिस कॉल ही आपल्याकडे स्वतंत्र भाषाच झाली. एक रिंग म्हणजे पोहोचलो. दोन म्हणजे खाली ये. आत्याचा मुलगा पुण्याला पोहोचला की एक रिंग द्यायचा, आत्या ४-१ उघडून नंबरचे शेवटचे दोन आकडे ताडून बघायची आणि मग झोपायला जायची. यात कुणाचा एक पैसा खर्च होत नव्हता.

पाचव्या क्रमांकात टोन्स होते आणि त्यात ५-४ वर एक 'कंपोझर' लपलेला होता. ज्यांना सूर कळत त्यांच्यासाठी तो खजिनाच. १ ते ७ ही बटणं म्हणजे सा ते नी. ८ ने सूर आखूड होई, ९ ने लांब. ० म्हणजे विराम. स्टारने सप्तक बदलायचं, हॅशने सूर अर्ध्या पायरीने चढवायचा. आमच्यातल्या एका चुलतभावाला पेटी येत होती. त्याने त्याच गणपतीत रात्रीच्या आरतीनंतर आत्याचा फोन घेतला आणि गुणगुणत, मध्येच पुसत, पुन्हा घालत आरतीची चाल त्यात बसवली. फोनला एका वेळी एकच सूर काढता येई, त्यामुळे ठेका नाही, साथ नाही, नुसती चाल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याचा फोन आला आणि आत्याच्या स्वयंपाकघरात तो सूर वाजला, तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस तिथे येऊन उभं राहिलं. जगभर ओळखली गेलेली नोकियाची धून मात्र फोनसाठी रचलेली नव्हतीच; फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या 'ग्रान व्हाल्स' या रचनेतला तो एक तुकडा आहे.

खेळांबद्दल सगळ्यांनीच लिहिलं आहे, म्हणून थोडक्यात. साप पहिल्यांदा आला १९९७ च्या नोकिया ६११० वर, तो टानेली आर्मान्टो यांनी लिहिला. ३३१० वर त्याची दुसरी आवृत्ती होती, आणि बरोबर स्पेस इम्पॅक्ट, पेअर्स आणि बांटूमी. यातला बांटूमी हा आफ्रिकेतल्या मंकाला या बियांच्या पटखेळावर बेतलेला. आपल्याकडे खळग्यांत चिंचोके वाटत खेळतात त्याच जातीचा.

गजराविषयी एकच सांगतो. ११-१ वर लावलेला गजर फोन बंद करून झोपलं तरी वाजत असे. वेळ झाली की फोन स्वतःच जागा होई. पहाटेची एसटी धरणाऱ्यांनी, परीक्षेच्या पोरांनी आणि पाळीला जाणाऱ्या कामगारांनी उशाशी हा फोन ठेवला तो बोलण्यासाठी कमी आणि या गजरासाठी जास्त.

आता सातवा क्रमांक, कॉल डायव्हर्ट. इथे जरा थांबायला हवं, कारण ही जुनी गोष्ट आजही आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. बाकीचा बराचसा मेनू फोनच्या पोटात होता: गजर, कॅल्क्युलेटर, साप यांना टॉवरची रेंज लागत नव्हती. पण आपल्याला येणारे फोन दुसऱ्या नंबरवर वळवायचे, तर ते काम फोन करत नाही, कंपनीचं नेटवर्क करतं. फोन नुसता निरोप पोहोचवतो. आणि तो निरोप स्टार-हॅशच्या सांकेतिक भाषेत असतो. मेनूतून 'डायव्हर्ट' निवडलं काय किंवा **२१* पुढे नंबर आणि शेवटी # असं हाताने दाबून कॉल केला काय, नेटवर्कला जाणारा निरोप तोच. *#२१# ने तो चालू आहे का ते कळतं. ##००२# ने सगळी वळवावळवी रद्द होते. जीएसएमच्या मानकांतले हे संकेत ३३१० वर चालत होते आणि आजच्या महागातल्या महाग फोनवरही सहसा चालतात. *#०६# मात्र नेटवर्ककडे जात नाही. तो फोनचा स्वतःचा १५ अंकी क्रमांक दाखवतो, जो फोन चोरीला गेला तर तक्रारीत लागतो. तो आधीच कुठेतरी लिहून ठेवलेला बरा.

या जुन्या संकेतांचा आज भामटे वापर करतात. कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याचं सांगून फोन करायचा, 'तुमचं सिम बंद पडणार आहे, एवढा कोड दाबा' म्हणायचं. तो कोड असतो फोन वळवण्याचा. एकदा दाबला की बँकेचा फोनवरून सांगितला जाणारा ओटीपी त्यांच्याकडे जातो. हे प्रकार इतके वाढले की दूरसंचार खात्याने १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# वरून फोन वळवण्याची सोय कंपन्यांना बंद करायला लावली. ज्यांनी कधीकाळी सातव्या क्रमांकाचा मेनू उघडून पाहिला आहे त्यांना स्टारने सुरू होणारा कोड ऐकताच शंका येते. ज्यांनी फक्त चित्रांवर बोट टेकवून फोन वापरला त्यांना तो कोड म्हणजे काहीतरी तांत्रिक मंत्र वाटतो. खाली यंत्र काय करतंय हे जुना फोन लपवत नव्हता, हा त्याचा मोठा गुण मला वाटतो.

मेनूत आपल्या भाषांना मान हळूहळू मिळाला. नोकियाने हिंदी मेनू ३२१० या फोनवर दिला. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० तर आपल्यासारख्या देशांसाठीच घडवलेला होता: धूळ आत जाऊ नये म्हणून बटणांवर सलग रबरी आवरण, हातातून निसटू नये म्हणून खरखरीत कडा आणि डोक्यावर बॅटरी. भारनियमनाच्या दिवसांत त्या बॅटरीने खेड्यापाड्यांत जे काम केलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. हा फोन २५ कोटींहून जास्त विकला गेला. नंतरच्या साध्या फोनांत मराठी मेनूही आला. आता तर देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर भारतीय भाषांतला मजकूर वाचता येणं सक्तीचंच आहे.

आत्या आज ऐंशीच्या पुढे आहे. ३३१० केव्हाच गेला, पण तिच्या हातात आजही बटणांचाच फोन आहे आणि आम्ही तो बदलायला लावत नाही. पुठ्ठा मात्र नवा केला, कारण नव्या फोनच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. त्याच्या मेनूत आकडे दिसत नाहीत, म्हणून खालचं बटण किती वेळा दाबायचं ते लिहिलं.

तुमच्या घरातही असं कुणी असेल तर एक तास काढा. २ वर मुलाचा, ३ वर मुलीचा, ४ वर शेजाऱ्यांचा नंबर घाला, म्हणजे ते बटण दाबून धरलं की फोन लागेल. आपत्कालीन ११२ हा नंबर बटणं लॉक असतानाही लागतो, हे दोनदा सांगा. अनोळखी माणसाने सांगितलेला स्टारचा कोड कधीही दाबायचा नाही, हे पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत लिहा. आणि जुना टू-जी फोन असेल तर सिम घेण्याआधी दुकानात विचारा: जिओचं जाळं फोर-जीपासूनच सुरू होतं, त्यामुळे तिचं सिम त्या फोनमध्ये चालत नाही.